श्वानदंशानंतरची भरपाई : पहिल्या दहा दिवसांचे मोल
सदर : ज्येष्ठांचे आरोग्य, ज्येष्ठांचे हक्क

घरातील वयोवृद्ध व्यक्तीला कुत्रा चावला की सगळे घर उपचाराच्या धावपळीत गुंतते, आणि ते योग्यच आहे. भरपाईचा विचार बहुधा दोन-तीन महिन्यांनी सुचतो. खर्चाची बेरीज समोर येते, जखम चिघळलेली असते किंवा आजोबांनी घराबाहेर पडणेच सोडून दिलेले असते. तोवर औषधांच्या पावत्या हरवलेल्या असतात, कुत्र्याचा मालक 'तो आमचा कुत्राच नव्हे' असे म्हणू लागतो आणि ज्यांनी घटना पाहिली त्यांना दिवसही नीट आठवत नाही. कायद्यातील तरतुदी असूनही अशा माणसाच्या पदरी काही पडत नाही, याचे कारण बहुतेक वेळा इथेच सापडते. उपचार आणि हक्क या दोन्ही वाटा एकाच दिवशी, दवाखान्यातल्या एकाच केसपेपरपासून सुरू होतात. तो केसपेपर नीट झाला तर पुढचे बरेच काही सोपे होते.

डहाणू तालुक्यातील सरावलीसारख्या गावाचे उदाहरण घेऊ. गावाला ग्रामपंचायत आहे, शेजारी डहाणू नगरपरिषदेची हद्द आहे, रेल्वे स्थानक आहे, आणि पंचक्रोशीत चिकूच्या वाड्या आहेत. वाडीच्या राखणीला कुत्री असतात, रस्त्यावर भटकी असतात, आणि काही कुत्री अशी की सारी आळी त्यांना भाकरी घालते, पण मालक कोणीच नाही. रेशनच्या दुकानात, बँकेत किंवा दवाखान्यात पायी जाणाऱ्या वृद्धांची गाठ या सर्वांशी पडते. कुत्रा कोणाचा आणि घटना कोणाच्या हद्दीत घडली, या दोन प्रश्नांवर भरपाईची दिशा ठरते. त्यांच्याकडे वळण्यापूर्वी उपचाराविषयी थोडे.

आधी जखम

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने किमान पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट, तेल यांपैकी काहीही लावू नये. जखम घट्ट बांधू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. डहाणू आणि कासा येथे उपजिल्हा रुग्णालय आहे, तलासरीत ग्रामीण रुग्णालय आहे. शासकीय रुग्णालयांत रेबीजप्रतिबंधक लस विनामूल्य दिली जाते. लस स्नायूत घेतली तर ०, ३, ७, १४ आणि २८ या दिवशी, आणि त्वचेत घेतली तर ०, ३, ७ आणि २८ या दिवशी मात्रा असतात. पहिल्या मात्रेचा दिवस म्हणजे '०' दिवस. कातडी फाटून रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शनही लागते. लसीचा परिणाम दिसू लागेपर्यंतच्या काळात संरक्षण त्यानेच मिळते. 'लस दिली म्हणजे झाले' असे मानून घरी परतू नये, हे इंजेक्शन लागेल का ते डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. धनुर्वाताच्या इंजेक्शनचीही चौकशी करावी.

रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून चौथ्या-पाचव्या मात्रेला 'आता बरे वाटते' म्हणून टाळाटाळ करू नये.

ज्येष्ठांच्या बाबतीत आणखी काही गोष्टी डॉक्टरांना आवर्जून सांगाव्यात. मधुमेह असेल तर जखम चिघळण्याचा धोका अधिक. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर रक्तस्राव लवकर थांबत नाही. मात्र ती गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. स्टेरॉइड, कर्करोगावरील औषधे किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारे अन्य उपचार चालू असतील तर साधा ओरखडाही डॉक्टर गंभीर धरतात.

कुत्रा ओळखीचा असेल तर त्याच्यावर दहा दिवस लक्ष ठेवावे. तो दहा दिवस धडधाकट राहिला की डॉक्टरांना पुढच्या मात्रांविषयी निर्णय घेणे सुकर होते. लस मात्र ते दहा दिवस संपण्याची वाट न पाहता पहिल्याच दिवशी सुरू करावी. रागाच्या भरात लोक कुत्र्याला ठार मारतात. तो गुन्हा आहेच, शिवाय त्यामुळे उपचाराला उपयोगी पडणारी माहिती आणि दाव्याचा पुरावा दोन्ही नाहीसे होतात.

केसपेपरवर काय लिहिले जाते

समजा, सत्तरीच्या एका आजींच्या अंगावर वाडीचा कुत्रा धावून आला. पोटरीला एक दात लागला, पण घाबरून मागे सरताना त्या पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. रुग्णालयात नेताना सगळ्यांचे लक्ष मोडलेल्या हाडाकडे. 'काय झाले?' या प्रश्नाला नातू उत्तर देतो, 'आजी पडली.' केसपेपरवर तेवढेच उमटते. चार महिन्यांनी शस्त्रक्रियेचा खर्च मागायला गेल्यावर समोरचा वकील तोच कागद दाखवतो आणि म्हणतो, 'इथे कुत्र्याचा उल्लेखच नाही.'

वृद्धांच्या बाबतीत चाव्यापेक्षा पडण्याने अधिक हानी होते. म्हणून केसपेपरवर घटनेचे कारण पूर्ण लिहिले जाईल याची काळजी घ्यावी: कुत्रा अंगावर आला, चावला, त्यामुळे पडल्या, तारीख, वेळ, ठिकाण, कुत्रा पाळीव की भटका, पाळीव असल्यास कोणाचा. ही नोंद वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण म्हणून, म्हणजे रोजच्या भाषेत 'एमएलसी' म्हणून करावी, अशी विनंती डॉक्टरांना करता येते.

यामागे कायदेशीर कारण आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हाड मोडणे ही 'गंभीर दुखापत' आहे. तीव्र वेदना होत राहिल्या किंवा रोजचे व्यवहार पंधरा दिवस करता आले नाहीत, तर तीही गंभीर दुखापतच. पूर्वीच्या दंडसंहितेत ही मुदत वीस दिवसांची होती. आजी किती दिवस अंथरुणाला खिळून होत्या हे डॉक्टरांच्या लेखी असेल, तर प्रकरणाचे वजन बदलते.

कुत्रा पाळीव असेल तर

आपल्या ताब्यातील जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होऊ नये यासाठी पुरेशी खबरदारी न घेणे, हा न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. दुसऱ्याचा जीव धोक्यात येईल अशा निष्काळजीपणाने गंभीर दुखापत झाल्यास कलम १२५ खाली शिक्षा तीन वर्षांपर्यंत जाते. कलम २९१ चे शब्द 'ताब्यातील जनावर' असे आहेत. त्यामुळे कुत्र्याचा परवाना नाही किंवा तो विकत घेतलेला नाही, एवढ्याने वाडीमालक सुटत नाही. तो कुत्रा तिथे कोण ठेवतो, बांधतो आणि खाऊ घालतो, हे साक्षीदारांकडून दाखवता येते.

या गुन्ह्याची पोलीस थेट नोंद घेऊ शकतात. प्रथम खबरी अहवालाची प्रत तक्रारदाराला विनामूल्य मिळते. तलासरीचा माणूस गुजरातच्या हद्दीत उंबरगावला गेला असता तिथे कुत्रा चावला, तरी जवळच्या ठाण्यात तक्रार देता येते. ठाणे ती योग्य हद्दीत पाठवते. ज्येष्ठांना ठाऊक असावी अशी एक तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ मध्ये आहे. साठ वर्षांवरील पुरुष, कोणतीही स्त्री, दिव्यांग आणि तीव्र आजारी व्यक्ती यांना साक्षीसाठी पोलीस ठाण्यात बोलावण्याची सक्ती करता येत नाही. जबाब घेण्यासाठी पोलिसांनी त्यांच्या राहत्या घरी यावे, असा नियम आहे. मोडलेल्या खुब्याने रिक्षात बसून ठाण्याच्या पायऱ्या चढण्याची आवश्यकता नाही. जबाब नोंदला गेला की तो वाचून घ्यावा आणि त्यात चूक असेल तर लगेच सांगावे.

दोष सिद्ध झाल्यास फौजदारी न्यायालय त्याच निकालात जखमीला भरपाई देण्याचा आदेश देऊ शकते. त्यासाठीची तरतूद कलम ३९५ मध्ये आहे. मात्र ती आपोआप मिळते असे नाही, मागावी लागते. याखेरीज दिवाणी न्यायालयात नुकसानभरपाईचा स्वतंत्र दावा लावता येतो.

या वाटेवर धीर किती लागतो हे मुंबईतील एका प्रकरणावरून कळते. २०१० साली नेपियन सी रोड परिसरात एका ज्येष्ठ गृहस्थांना नातेवाइकाच्या रॉटवायलर कुत्र्याने चावे घेतले. गिरगावच्या दंडाधिकारी न्यायालयाने कुत्र्याच्या मालकाला तीन महिन्यांच्या कारावासाची शिक्षा सुनावली ती २०२३ मध्ये, तेरा वर्षांनी. इतका आक्रमक कुत्रा बाळगणाऱ्याने इतरांची काळजी घेतलीच पाहिजे, हा त्या निकालाचा आशय होता. न्याय मिळाला, परंतु सत्तरीतल्या माणसाने तेरा वर्षे वाट पाहावी, हे सर्वांना जमणारे नाही.

कुत्रा भटका असेल तर

केंद्र शासनाच्या २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. नगरपरिषदेप्रमाणे ग्रामपंचायतही त्यात येते. म्हणून घटना सरावलीच्या रस्त्यावर घडली, डहाणू शहरात घडली की रेल्वे स्थानकात, हे पहिल्याच अर्जात नेमके लिहावे. सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बस आगारे आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारातून भटकी कुत्री हलवण्याचा आणि ती पुन्हा तिथे न सोडण्याचा आदेश दिला. अशा आवारात चावा झाला असेल तर त्या आदेशाचा उल्लेख अर्जात जरूर करावा.

ग्रामपंचायतीला लेखी अर्ज द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्यावी. मग माहितीच्या अधिकारात साधे प्रश्न विचारावेत: गेल्या दोन वर्षांत गावात किती कुत्र्यांची नसबंदी झाली? किती कुत्र्यांना लस दिली? त्यावर किती खर्च झाला? या परिसरातील कुत्र्यांविषयी आधी कोणाच्या तक्रारी आल्या होत्या का? उत्तर तीस दिवसांत देणे बंधनकारक असते. तक्रारी येऊनही काहीच केले नाही, हे संस्थेच्याच कागदावरून दिसले की निष्काळजीपणा सिद्ध करणे सोपे जाते.

इतर राज्यांत काय घडले आहे हेही पाहण्याजोगे आहे. केरळमध्ये सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली निवृत्त न्यायमूर्ती एस. सिरी जगन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि श्वानदंश झालेल्यांचे अर्ज तिच्यापुढे जाऊ लागले. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याहून पुढे जाऊन दरच ठरवून दिला: दाताच्या प्रत्येक खुणेमागे किमान दहा हजार रुपये, आणि मांस निघाले असल्यास जखमेच्या दर ०.२ सेंटिमीटरला किमान वीस हजार रुपये. अर्ज जिल्हा पातळीवरील समितीकडे करायचा आणि समितीने चार महिन्यांत निर्णय द्यायचा. हा दर त्या न्यायालयाच्या क्षेत्रापुरता आहे. महाराष्ट्रातील रुग्णाला तो थेट मागता येत नाही, पण त्याचा वकील आपल्या न्यायालयापुढे त्याचा दाखला ठेवू शकतो.

आपल्याकडे बिबट्याने हल्ला केला तर वनखात्याकडून शासनाने ठरवलेली भरपाई मिळते. कुत्रा वन्यप्राणी नसल्याने ती वाट इथे बंद आहे. उरलेल्या वाटा अशा: स्थानिक संस्थेवर दिवाणी दावा, राज्य मानवी हक्क आयोगाकडे तक्रार आणि मोठ्या प्रकरणात उच्च न्यायालयात याचिका. आयोगाकडे घटनेपासून एक वर्षाच्या आत जावे लागते; तिथे शुल्क नाही आणि आयोग भरपाईची शिफारस करू शकतो.

शेतकरी कुटुंबांसाठी आणखी एक आधार आहे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत जनावराच्या चाव्याने झालेला मृत्यू आणि हात, पाय किंवा डोळा कायमचा गमावणे यांसाठी अनुदान आहे. मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये. वयाची मर्यादा १० ते ७५ वर्षे आहे. अर्ज शक्यतो तीस दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यावा.

भरपाई नेमकी कशाची

'लस तर फुकट मिळाली, मग मागायचे काय?' असे ज्येष्ठच विचारतात. औषधाची पावती हा हिशेबाचा एक छोटा भाग आहे. दवाखान्याच्या प्रत्येक खेपेचे गाडीभाडे, सोबत गेलेल्या मुलाची किंवा सुनेची बुडालेली मजुरी, घरी ठेवलेली मदतनीस बाई, वॉकर आणि काठी, जखमीचे स्वतःचे बुडालेले उत्पन्न, सोसलेल्या वेदना आणि कायमचे अपंगत्व, हे सारे मागता येते. भाजी विकणाऱ्या किंवा वाडीत फळे वेचणाऱ्या वृद्धेचे उत्पन्न कागदावर नसते म्हणून ते शून्य ठरत नाही. तिच्याबरोबर काम करणाऱ्यांची साक्ष चालते.

चाव्यानंतर अनेक ज्येष्ठ फिरायला जाणे थांबवतात. साखर वाढते, सांधे आखडतात, झोप उडते. डॉक्टरांना हे सांगावे आणि त्यांच्या टिपणात येऊ द्यावे. ते उपचारासाठी आवश्यक आहे आणि दाव्यासाठीही.

मागणी मात्र पुराव्याला धरून असावी. कुत्र्याला काठीने डिवचले होते किंवा कुलूप लावलेल्या आवारात परवानगीविना शिरले होते, असे पुढे आले तर रक्कम कमी होते किंवा दावा फेटाळलाही जातो.

वकील, मुदत आणि तडजोड

वकिलाच्या खर्चाच्या भीतीने मागे हटू नये. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळतो. न्यायालयीन खर्चही त्यात येतो. डहाणू-तलासरीतील वारली, मल्हार कोळी, कोकणा, कातकरी कुटुंबे आणि सर्व समाजांतील आजी यात सामावतात. इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करावा किंवा १५१०० या क्रमांकावर विचारावे. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७ ही मदतवाहिनी आहे.

मुदतीचे भान ठेवावे. कलम २९१ च्या गुन्ह्याची न्यायालयाने दखल घेण्याची मुदत एक वर्षाची आहे. खाजगी मालकावरील दिवाणी दाव्याला साधारणपणे तीन वर्षे मिळतात. स्थानिक संस्थेवरील दाव्याची मुदत मात्र बरीच कमी असते आणि आधी लेखी नोटीसही द्यावी लागते. म्हणून पहिल्या महिन्यातच वकिलाला कागद दाखवावेत. रुग्ण दगावल्यास पती किंवा पत्नी, मुले आणि आईवडील यांच्या वतीने दोन वर्षांच्या आत दावा करता येतो.

गावात मालक बहुधा शेजारीच असतो. 'म्हातारपणी वैर कशाला?' हा विचार चुकीचा नाही. अशा वेळी दावा लावण्यापूर्वीच प्रकरण लोकअदालतीत नेता येते. तिथे शुल्क नसते, झालेल्या तडजोडीला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपील होत नाही. तोंडी आश्वासनापेक्षा ही वाट कितीतरी भक्कम. मालकाने उपचाराचा खर्च द्यावा, कुत्र्याला लस द्यावी आणि तो बांधून ठेवावा, एवढे लेखी ठरले तर शेजारही टिकतो आणि पुढचा चावाही टळतो. मात्र लसीच्या सगळ्या मात्रा पूर्ण होण्यापूर्वी आणि जखम कितपत भरते हे कळण्यापूर्वी कोणत्याही 'मिटले' अशा कागदावर अंगठा किंवा सही करू नये.

काळजीवाहूंसाठी : पहिल्या दहा दिवसांत

१. जखमेची छायाचित्रे पहिल्या, तिसऱ्या, सातव्या आणि दहाव्या दिवशी घ्यावीत. फाटलेले, रक्ताळलेले कपडे न धुता ठेवावेत.
२. केसपेपर, लसीचे कार्ड, एक्स-रे आणि पावत्या एका पिशवीत ठेवून प्रत्येकाची झेरॉक्स काढावी.
३. पाहणाऱ्या दोघांची नावे आणि दूरध्वनी क्रमांक त्याच दिवशी लिहून घ्यावेत.
४. कुत्रा पाळीव असल्यास मालकाकडे त्याच्या लसीचे प्रमाणपत्र मागावे. कुत्रा दहा दिवस कसा आहे, याची रोज एक ओळ वहीत लिहावी.
५. पोलीस ठाण्यात आणि ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी.
६. त्याच वहीत रोजचा खर्च, बुडालेली मजुरी, आणि रुग्णाची झोप व चालणे यांची नोंद ठेवावी.

ही वही ठेवणारा माणूस घरातलाच असतो, आणि जखमी ज्येष्ठाला ती कामे स्वतः करणे क्वचितच शक्य असते. म्हणून लसीच्या तारखा सांभाळण्याचे काम ज्याच्याकडे असेल, त्याच्याकडेच कागदांची पिशवीही द्यावी. पाचव्या मात्रेच्या दिवशी दोन्ही एकदा शांतपणे तपासून पाहावे.